सव्वा सेकंद

क्लायंटचा मेल सकाळीच आला होता, जेमतेम तीन ओळींचा. डेटाबेसचं काम बघणाऱ्या आमच्या इंजिनिअरला पुढच्या टप्प्यात बदलावं, अशी विनंती होती. कारणं दोन दिली होती: प्रत्येक प्रश्नावर ती अडखळते, आणि समोरचा बोलत असताना मध्येच बोलते.

त्या डेटाबेसची खडान् खडा माहिती आमच्या टीममध्ये कोणाला असेल तर तिलाच. तरीही मेल वाचून मला धक्का बसला नाही, कारण त्या कॉल्सना मीही असायचो आणि मलाही तसंच वाटायला लागलं होतं. "जरा तयारी करून येत जा," असं मी तिला दोनदा बजावलंही होतं. तिने दोन्ही वेळा "हो सर" म्हटलं, बाकी काही नाही. माझ्या त्या बजावण्याचं मला अजून वाईट वाटतं.

क्लायंटला उत्तर लिहायला घेतलं, पण त्याआधी मागच्या कॉलचं रेकॉर्डिंग एकदा नीट ऐकावं म्हणून हेडफोन लावला. एक जागा मी दहा-बारा वेळा मागेपुढे करून ऐकली असेल. क्लायंटच्या बाजूचे प्रमुख विचारतात, "सगळे इंडेक्स पुन्हा बांधायला किती वेळ लागेल?" (इंडेक्स म्हणजे डेटाबेसमधली माहिती पटकन सापडावी म्हणून केलेल्या सूची.) मग शांतता. सेकंद उलटून जातो. ते पुन्हा सुरू करतात, "हॅलो, आवाज येतोय का..." आणि नेमकं त्यावरच तिचं "चाळीस मिनि..." येऊन आदळतं. दोघंही थांबतात. दोघंही एकदमच "सॉरी, बोला" म्हणतात. पुन्हा शांतता. पुन्हा दोघं एकदम. चाळीस मिनिटं एवढं साधं उत्तर पोचायला अर्धा मिनिट गेला, आणि तोवर समोरच्यांचा आवाज चढला होता.

मला खटकलं ते वेगळंच. ज्याला उत्तर येत नसतं तो गप्प बसत नाही, काहीतरी आवाज काढतो. "अं... म्हणजे... बघायला लागेल" असं काहीबाही बोलून वेळ काढतो. तिच्या बोलण्यात असं काहीच नव्हतं. शांतता संपली की थेट उत्तर, तेही पूर्ण आणि नेमकं. उत्तर तयार असलेल्या माणसाचा आवाज होता तो. मग एवढा वेळ ती थांबत कशासाठी होती?

तिला फोन करून म्हटलं, "दहा मिनिटं कॉलवर ये, आपण आकडे मोजू." मी "एक" म्हणायचं, तिने "दोन", मी "तीन", असं वीसपर्यंत. मुद्दाम थांबायचं नाही, समोरचा आकडा कानावर पडला की आपला म्हणायचा. आधी शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याबरोबर समोरासमोर मोजून बघितलं होतं: ११ सेकंद. दुसऱ्या गावाहून काम करणाऱ्या एकाबरोबर कॉलवर: १४. तिच्याबरोबर २४ लागले. तीनदा मोजलं, आकडा तिथेच.

वीस आकड्यांत तिच्याकडून माझ्याकडे पाळी दहा वेळा येते. जादा लागलेल्या १३ सेकंदांना दहाने भागलं की माझा आवाज तिच्यापर्यंत जाऊन तिचा परत यायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागत होता, असं निघतं. म्हणजे एका बाजूने साधारण ६५० मिलिसेकंद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर सहसा जाणवत नाही, आणि जाळ्याची आखणी करताना ४०० च्या पुढे जाऊच नये. माणसाचं बोलणं तर त्याहून घट्ट विणलेलं असतं. दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं होतं. एवढ्याशा अंतराची सवय झालेल्या कानाला दीड सेकंदाची शांतता म्हणजे टाळाटाळ वाटणारच.

आता तिच्या बाजूने बघा. प्रश्न तिच्या कानावर पडला आणि ती लगेच बोलली. बोलायला सुरुवात करते न करते तोच समोरून "हॅलो, आवाज येतोय का" असं ऐकू आलं. तिच्या दृष्टीने समोरच्यांनीच तिचं बोलणं तोडलं होतं. दोघंही आपापल्या जागी सभ्यपणे वागत होते आणि दोघांनाही समोरचा उद्धट वाटत होता.

मी तिला हे सांगितल्यावर ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "सर, मला वाटायचं त्यांना माझं ऐकूनच घ्यायचं नाहीये. म्हणून मी हळूहळू कमी बोलायला लागले." मी तिची माफी मागितली.

मग कारणाचा शोध. क्लायंट दुसऱ्या खंडात, म्हणून आम्ही सगळे अंतराला दोष देत होतो. पण फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दहा हजार किलोमीटरला ५० मिलिसेकंद. नुसत्या अंतराने एवढा उशीर होत नाही. कॉलच्या सेटिंग्जमध्ये आकडेवारीचं एक पान असतं, सहसा कोणी उघडत नाही. तिच्या स्क्रीनवर ते उघडलं आणि उलगडा झाला. तिच्या लॅपटॉपचा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचं सगळं एका ठरावीक सर्व्हरमधून नेणारी सुरक्षित वाट, कायम चालू असायचा आणि कॉलसकट सगळं तिसऱ्याच खंडातल्या सर्व्हरवरून फिरून जायचं. त्यात त्या वाटेवर यूडीपी ही डेटा पाठवायची पद्धत बंद, त्यामुळे कॉल टीसीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालत होता. आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी जातो. यूडीपीवर एखादा तुकडा हरवला तर बोलणं पुढे सरकतं, कानाला कळतही नाही. टीसीपी मात्र हरवलेला तुकडा पुन्हा मागवतो आणि तोवर मागचे सगळे रांगेत उभे. फाइल पाठवायला हे उत्तम, बोलायला घातक. वर तिचा ब्लूटूथ हेडसेट, त्याचा आणखी थोडा उशीर.

हे सगळं क्लायंटला मेलमध्ये लिहिलं असतं तर सबब वाटली असती. म्हणून मी पंधरा मिनिटांचा कॉल मागितला आणि त्यांच्या प्रमुखांना म्हटलं, "आधी माझ्याबरोबर वीसपर्यंत मोजा, मग तिच्याबरोबर." माझ्याबरोबर १५ सेकंद लागले, तिच्याबरोबर २६. बारा-तेरापर्यंत येताच त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण आकडे म्हणताना ते स्क्रीनच्या जवळ सरकून तिच्याकडे बघायला लागले होते. नंतर म्हणाले, "म्हणजे ती लगेच उत्तर देत होती." २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं होतं: लाइनचा उशीर लोक लाइनच्या नावावर टाकत नाहीत, समोरच्याच्या स्वभावावर टाकतात. मी तो अभ्यास नंतर वाचला. आधी वाचला असता तर ते "तयारी करून येत जा" तोंडातून निघालं नसतं.

आयटी विभागाने कॉल व्हीपीएनच्या बाहेरून थेट जाऊ द्यायला आणि यूडीपी खुलं करायला आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांतही कॉल होतेच. तेवढ्यापुरतं आम्ही ठरवलं की आधी नाव घ्यायचं, मग प्रश्न विचारायचा, म्हणजे इतर कोणी त्या शांततेत उडी मारत नाही. प्रश्न विचारून झाला की मनात दोन आकडे मोजायचे. दोघं एकदम बोलले तर "तुम्ही बोला, तुम्ही बोला" करायचं नाही, क्लायंटने आधी बोलायचं हे पक्कं. आकडे आणि तारखा चॅटमध्ये लिहायच्या. तिला तारेचा हेडसेट दिला आणि वायफायऐवजी केबल. चेहऱ्यावर उजेड कसा पडावा, कॅमेरा किती उंचीवर असावा, याबद्दल लोक भरभरून सांगतात, आणि ते चुकीचंही नाही. पण माझ्या मते आवाज वेळेवर पोचत नसेल तर बाकी सगळं नंतर.

नव्या जोडणीनंतरच्या पहिल्या कॉलआधी तिने स्वतःच मला मेसेज केला, "सर, मोजू या?" १४ सेकंद. तिने पुन्हा मोजायला लावलं. १४.

कॉलवर क्लायंटचे प्रमुख म्हणाले, "नव्या सर्व्हरवर इंडेक्स बांधायला आता किती..."

"पंचवीस मिनिटं," ती म्हणाली. त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

"बरं. आणि बॅकअप?"