फॉर्ममधली पाच मुलं

मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल शहरात मी एका छोट्या संस्थेत काम करते. मी वकील नाही, पण नागरिकत्वाचे अर्ज भरून द्यायला आणि मुलाखतीला अर्जदाराशेजारी बसायला मला सरकारची मान्यता आहे. लोवेल म्हणजे मेरिमॅक नदीकाठच्या जुन्या कापडगिरण्यांचं गाव. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचनंतर अमेरिकेतली सगळ्यात मोठी कंबोडियन वस्ती इथे आहे. तिथल्या एका आजींच्या अर्जाची ही हकिगत, 2019 सालची.

कंबोडियाच्या ख्मेर भाषेत आजीला 'याय' म्हणतात. आम्ही सगळेच त्यांना याय म्हणायचो. त्या मला 'नेक्रू' म्हणत, म्हणजे शिकवणाऱ्या बाई. त्यातला 'क्रू' म्हणजे आपला गुरूच.

पहिल्यांदा आल्या त्या जानेवारीत. नातवाचे मोठे बूट पायात, शालीवर बर्फ. 1984 पासून इथे, ग्रीन कार्डावर. इतकी वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात पाळ्या केल्या, मुलं वाढवली, नागरिकत्वाचं राहूनच गेलं. पण 2002 साली अमेरिका आणि कंबोडियाचा करार झाला आणि गुन्हा शाबीत झालेल्या निर्वासितांना परत धाडायला सुरुवात झाली. ओळखीतली मुलं गेली. तेव्हापासून कार्ड हातात असलं तरी छातीत धडधड. शिवाय कंबोडियातलं, बात्तांबांगजवळचं आपलं गाव एकदा बघून यायचं होतं, आणि परत येताना विमानतळावर कुणी अडवायला नको होतं.

कार्डावर जन्मतारीख होती 1 जानेवारी 1949. अशा एक जानेवारीच्या तारखा मी ढिगाने पाहिल्या आहेत. थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावण्यांत तारीख माहीत नसली की कारकून वर्षाचा पहिला दिवस टाकून मोकळा व्हायचा. याय म्हणाल्या, "माझं वर्ष कोर, डुकराचं. महिना पिसाक." ख्मेर पंचांगात वर्षांना बारा प्राण्यांची नावं असतात, ती फिरून फिरून येतात.

आमचा दुभाषी पंचविशीतला, लोवेलमध्येच वाढलेला. तो अडखळला. "पिसाक म्हणजे... नक्की कुठला ते मला सांगता येणार नाही. देवळाच्या कॅलेंडरवर असतं."

पेन माझ्या हातातच राहिलं. मी विचारलं, "त्याच्या आधीचा महिना चेत का?" याय माझ्याकडे बघायला लागल्या. "आणि नंतरचे? चेस्, आसाथ, स्राप, फोत्रबोत..." त्या एकेक सांगत गेल्या आणि मी मराठीत म्हणत गेले: ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. मी राजापूरकडची. आमच्याकडे आजीला इंग्रजी महिने येत नसत, पण कुठल्या महिन्यात कोण जन्मलं, कोण गेलं, ते तोंडपाठ. यायही तसंच मोजत होत्या. चुकीचं होतं ते फक्त कार्डावरचं.

मग अपत्यांचं पान आलं. तेव्हाच्या अर्जात स्वच्छ लिहिलेलं होतं: सगळी मुलं लिहा, हयात, बेपत्ता किंवा मृत. जुन्या निर्वासित कागदांत तीन मुलं होती. मी तीन नावं वाचून दाखवली. याय गप्प. मग हाताची पाची बोटं पसरून टेबलावर ठेवली.

"छावणीत विचारलं होतं, सोबत किती? सोबत तीन होती. इथे विचारतायत, किती झाली."

धाकटी दोन 1977 मध्ये गेली. ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्टांच्या राजवटीत, 17 एप्रिल 1975 पासून 7 जानेवारी 1979 पर्यंत, पंधरा ते वीस लाख माणसं मेली: उपासाने, रोगाने, मारहाणीने. त्यांत ही दोन. शेतात भात डोळ्यांसमोर उभं, आणि खायला 'बोबोर', म्हणजे पेजेचं पाणी. तारीख? "आसाथमध्ये मुलगा, स्रापमध्ये मुलगी. लावणी चालली होती. मला चिखलातून वर येऊ दिलं नाही." आषाढातली लावणी मी पाहिलेली आहे. तरव्याची मूठ हातात, पाठ वाकलेली, वरून पाऊस. त्या चिखलात उभी असलेली बाई डोळ्यांसमोर आली आणि पुढचा प्रश्न विचारायला मला वेळ लागला.

जन्मतारखा आम्ही बसून काढल्या. मुलगा उंदराच्या वर्षी, मेआक महिन्यात. वर्ष एप्रिलमध्ये बदलतं, म्हणजे 1972 च्या एप्रिलला लागलेलं उंदराचं वर्ष आणि त्यातला माघ, म्हणजे 1973 ची सुरुवात. मुलगी वाघाच्या वर्षी, कादक महिन्यात, 1974 च्या नोव्हेंबरच्या आसपास. 'अंदाजे' असा शेरा मारला आणि जुन्या कागदांत तीनच मुलं का, याचं पुरवणी पान जोडलं. नावं यायने तीनतीनदा उच्चारून दाखवली. रोमन लिपीत कशी लिहायची हे कधी ठरायची वेळच आली नव्हती.

वय आणि कार्डाची वर्षं पाहता इंग्रजीची परीक्षा माफ होती. नागरिकशास्त्राचे वीस प्रश्न ख्मेरमध्ये पाठ करायचे, त्यांतल्या विचारलेल्या दहापैकी सहा बरोबर यायला हवेत. पाठांतर होईना. मग उत्तरं सणांना बांधली. कर भरायची शेवटची तारीख 15 एप्रिल, म्हणजे ख्मेर नववर्षाचे दिवस. राष्ट्राध्यक्षाचं मतदान नोव्हेंबरात, म्हणजे कादक, पाण्याचा सण. कार्तिकी पौर्णिमेला तिकडे होड्यांच्या शर्यती असतात, तोन्ले साप नदी आपला प्रवाह उलटा फिरवते. लोवेलमध्ये तो सण ऑगस्टमध्ये उरकतात, नोव्हेंबरात मेरिमॅकवर कोण होडी घालणार? त्यावर याय खळखळून हसल्या आणि दोन्ही उत्तरं पक्की झाली. उन्हाळाभर त्या परसातली कारली आणि चवळीच्या लांब शेंगा घेऊन वर्गाला येत.

मुलाखत सप्टेंबरात लागली, फोत्रबोतच्या वद्य पक्षात. ख्मेर लोक या पंधरा दिवसांना 'प्चुम बेन' म्हणतात. 'बेन' म्हणजे पिंड. आपला पितृपक्ष, अगदी त्याच तिथींचा.

लॉरेन्सच्या कार्यालयातल्या त्या लहान खोलीत आम्ही चौघं होतो. अधिकारी तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. परीक्षेत एप्रिल आलं, नोव्हेंबर आलं. मग: 1900 च्या शतकात अमेरिकेने लढलेलं एक युद्ध सांगा. याय म्हणाल्या, "व्हिएतनाम." उत्तर बरोबर. त्याच युद्धात 1973 च्या 15 ऑगस्टपर्यंत त्यांच्या देशावर अमेरिकेची विमानं बॉम्ब टाकत होती. तो विषय त्या खोलीत कुणी काढला नाही.

मग हो-नाहीचे प्रश्न. "तुम्ही कधी श्रमछावणीत काम केलं आहे का?" मला घाम फुटला. हा प्रश्न पहारेकऱ्यांसाठी असतो, छळ करणाऱ्यांना शोधायला. आम्ही घोकला होता. पण याय शपथेवर होत्या. त्या म्हणाल्या, "हो. साडेतीन वर्षं."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. मी परवानगी घेऊन म्हटलं, प्रश्न पुन्हा, सुटा करून विचारता येईल का? त्यांनी विचारलं, "तुम्ही तिथे लोकांवर पहारा देत होता का?" दुभाष्याने सांगताच यायने दोन्ही तळवे उलटे करून टेबलावर ठेवले. बोटांचे सांधे कायमचे वाकडे झालेले. "मी लावणी करत होते," त्या म्हणाल्या. "दोन मुलं तिथेच गेली. अर्जात आहेत बघा."

अधिकाऱ्यांनी पान उलटलं. चौथं नाव वाचलं, पाचवं वाचलं, उच्चार बरोबर आहे ना म्हणून यायना विचारलं. यायने एक उच्चार दुरुस्त केला. त्यांनी पुन्हा म्हटला. मग पानावर लाल पेनाने खूण करून पुढे गेल्या. शेवटी कागद हाती आला: मंजुरीची शिफारस.

बाहेर पार्किंगमध्ये मी आनंदाने बडबडत होते. शपथविधी, पासपोर्ट, काय काय. यायचं लक्ष नव्हतं. दुभाष्याला त्या काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तो म्हणाला, "त्यांना त्या पानाची झेरॉक्स हवी आहे. मुलांच्या पानाची."

प्चुम बेनला घरोघरची माणसं आपल्या मृतांची नावं कागदावर लिहून देवळात देतात आणि भिक्खू ती वाचतात. याय दरवर्षी तोंडी सांगायच्या. दोघांची नावं छापलेला कागद त्यांच्याकडे कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी त्यांच्यासोबत देवळात गेले. अंगात जाड स्वेटर, गवतावर दव. याय अनवाणी. तीळ घातलेल्या चिकट भाताचे लहान गोळे अंधारात देवळाभोवती टाकत माणसं फिरत होती, वाट चुकलेल्या प्रेतात्म्यांसाठी. यायने टोपली माझ्यापुढे धरली. माझ्या वडिलांची तिथी त्याच पंधरवड्यात येते. एक गोळा मी उचलला.

आत भिक्खूंनी यादी वाचायला घेतली. यायची घडी घातलेली झेरॉक्स इतर कागदांच्या चळतीत होती. वर सरकारी फॉर्मचा क्रमांक, खाली पाच नावं. भिक्खूंनी ती हातात घेतली, चष्मा वर केला आणि यायकडे बघून विचारलं, सगळी पाच वाचू का? याय म्हणाल्या, "नाही, तीन हयात आहेत. शेवटची दोन."