आता म्हणे नोटा घरात ठेवा!

नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वीडनच्या घराघरांत सरकारी पुस्तिका येऊन पडली: 'संकट किंवा युद्ध आलं तर'. पाणी किती साठवायचं, रेडिओ बॅटरीवर चालणारा हवा, आसरा कुठे घ्यायचा, हे सगळं अपेक्षितच होतं. पण त्याच तयारीच्या सरकारी सल्ल्यात एक गोष्ट अशी आहे की आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हसू फुटेल. घरात रोख पैसे ठेवा, निदान आठवडाभर पुरतील एवढे, आणि सुट्ट्या नोटांत. आपल्या आज्या तांदळाच्या डब्यात ठेवत आल्या आहेत तेच, फक्त छापील स्वरूपात.

आणि हे सांगतंय कोण? जिथे बेकरीच्या दारावर 'आम्ही रोख घेत नाही' अशी पाटी असते तो देश. बँकेच्या बहुतेक शाखांत नोटा मिळत नाहीत आणि भरताही येत नाहीत. स्टेशनवरचं स्वच्छतागृहसुद्धा पैसे कार्डावर मागतं. रस्त्यावर मासिक विकणारे बेघर विक्रेतेसुद्धा कित्येक वर्षांपासून कार्ड घेतात. चलनातली रोकड जीडीपीच्या साधारण एक टक्का, आपल्याकडे ती दहाच्या वर आहे. बरं, युरोपातली पहिली बँकनोट छापली तीही इथेच, १६६१ मध्ये, कारण त्याआधीचं तांब्याचं दहा डालरचं (डालर म्हणजे तेव्हाचं स्वीडिश चलन) नाणं (नाणं कसलं, पत्राच तो) वीसेक किलोचं होतं.

'स्वीडनकडून शिका' असले फॉरवर्ड आपल्याकडे फिरतात, त्यांत एक गोष्ट कधीच नसते. इथे स्वीडनमध्ये पैसा चालतो तो तुमच्या नावावर. नोटेला नाव नसतं, ती कुणाच्याही हातात तेवढ्याच किमतीची. इथल्या मोबाइलमधल्या पैशाला आधी तुम्ही कोण ते कळावं लागतं. नव्याने आलेल्यांना ते कळवण्यासाठी केवढा खटाटोप करावा लागतो, ते ऐका.

पहिली पायरी कर खात्याची, म्हणजे स्काटेव्हेर्केटची. तिथे रहिवासी म्हणून नोंद झाली की 'पेर्सूननुम्मेर' मिळतो: जन्मतारीख आणि पुढे चार आकडे. नोंद व्हायला किमान वर्षभर राहण्याचा इरादा आणि तसा परवाना लागतो. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर आलेल्यांची गाडी इथेच अडते. महाराष्ट्रातल्यांची एक खास अडचण म्हणजे पासपोर्टात स्वतःच्या नावाला चिकटून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. इथे ते दोन्ही 'पहिलं नाव' म्हणून नोंदलं जातं. यातलं हाक मारायचं नाव कोणतं, ते वेगळं कळवा. भाडेकरार, बँक, नोकरी, सगळीकडे नावाचं स्पेलिंग आणि क्रम एकच ठेवा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी कागद परत येतो.

दुसरी पायरी ओळखपत्राची. तेही स्काटेव्हेर्केटच देतं. ४०० क्रोनर शुल्क, वेळ आधी ठरवावी लागते, फोटो तिथेच काढतात आणि उंचीही तिथेच मोजतात. तिसरी पायरी बँक खात्याची. नुसता पासपोर्ट पाहून खातं उघडणारी बँक भेटली तर नशीब, पण त्या खात्यावर पुढची किल्ली मिळेलच असं नाही. ही किल्ली म्हणजे बँकआयडी. ते बँकच देते, पण त्याने उघडतं सगळंच: कराचं विवरणपत्र, डॉक्टरची वेळ, विजेचा करार, मुलांची शाळा. ते मिळालं की चौथी पायरी, 'स्विश', म्हणजे मोबाइल नंबरवर पैसे पाठवण्याचं ॲप. सहा मोठ्या बँकांनी मिळून ते डिसेंबर २०१२ मध्ये आणलं.

या मधल्या काळात खिशात पैसे असूनही माणूस अर्धवटच असतो. पगार येईल, पण कुठे? शाळेच्या सहलीची वर्गणी, सोसायटीतल्या धुलाईखोलीच्या हरवलेल्या किल्लीचे पैसे, जुन्या सामानाच्या बाजारातली सायकल, सगळ्याला उत्तर एकच: स्विश करा. बरं, मी नोटा देतो म्हणावं, तर समोरच्याला त्या नोटेचं करायचं काय हा प्रश्न पडतो. बँकेत भरायला गेला तर कुठून आल्या याचा पुरावा मागतात.

नोटा कायदेशीर चलन आहेत, मग दुकानदार नाही कसं म्हणतो? कारण इथे कराराचं स्वातंत्र्य वरचढ ठरतं. दाराशी पाटी लावली आणि तुम्ही आत आलात, की अट मान्य केली असं धरतात. सरकारी सेवेला मात्र ही पळवाट नाही. क्रोनोबेर्ग भागातल्या सरकारी आरोग्यसेवेने रोख नाकारली, तेव्हा २०१५ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती घ्यावीच लागेल असा निकाल दिला. कार्ड-ॲप न जमणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज केला तो ब्यॉर्न एरिक्सन यांनी. हे देशाचे माजी पोलीसप्रमुख आणि इंटरपोलचे माजी अध्यक्ष, म्हणजे तंत्रज्ञानाला बिचकणारा माणूस नव्हे. शेवटी १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या बँकांवर कायद्याने सक्ती आली: जवळपास साऱ्या जनतेला २५ किलोमीटरच्या आत पैसे काढता आलेच पाहिजेत.

आणि नोट असली तरी भागतंच असंही नाही. जुलै २०२१ मध्ये एका सायबर हल्ल्यात कोऑप या किराणा साखळीची गल्ल्यावरची यंत्रणा बंद पडली आणि सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली. इथे २०१० पासून रोख किंवा कार्डाने विक्री करणाऱ्या दुकानाला प्रमाणित गल्लायंत्र बंधनकारक आहे. आपला वाणी लाइट गेली तर वहीत लिहून माल देतो. इथे यंत्र मेलं की दूधही अडलं.

आता थोडी बढाई मारतो. यूपीआय स्विशनंतर चार वर्षांनी आलं, पण भाजीवालीकडचा क्यूआर कोड तिला फुकट पडतो. इथे दुकानदाराला १२३ ने सुरू होणारा वेगळा स्विश नंबर घ्यावा लागतो आणि दर व्यवहारामागे बँकेला पैसे मोजावे लागतात. आपल्याकडे साध्या फोनवरूनही *९९# दाबून पैसे जातात. या बाबतीत आपणच पुढे, वाद नाही.

पण नोटा बदलण्याचा विषय निघाला की मान जरा खाली जाते. इथे नव्या नोटा ऑक्टोबर २०१५ पासून येऊ लागल्या, जुन्या २०, ५० आणि १००० च्या जून २०१६ अखेर बाद झाल्या, १०० आणि ५०० च्या त्यानंतर वर्षाने. वर बँकेत भरायला आणखी मुदत होतीच. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठला घोषणा आणि बाराला नोट रद्दी. इथली लोकसंख्या जेमतेम एक कोटी, त्यांना काय जमणार नाही, हे इथल्या सहकाऱ्यांना ऐकवायला बरं असतं. स्वतःला पटवताना मात्र ते घशात अडकतं.

उन्हाळ्यात आई-बाबांना बोलावणार असाल तर एवढं करा. पर्यटकाला स्विश मिळत नाही, त्याचा नाद सोडा. व्हिसा आणि मास्टरकार्ड अशी दोन वेगवेगळी कार्डं आणा, नुसत्या रुपेवर विसंबू नका. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर सुरू करा, नाहीतर कार्ड इथे चालणार नाही. पिन पाठ हवा, कारण ४०० क्रोनरच्या वर यंत्र तो मागतंच. ओटीपीसाठी भारतातल्या सिमचं रोमिंग चालू ठेवा. यंत्राने 'रुपये की क्रोनर' विचारलं तर डोळे झाकून क्रोनर निवडा, रुपयांचा दर ते स्वतःच्या सोयीचा लावतं. थोडी रोकड बँकोमाटमधून, म्हणजे इथल्या एटीएममधून काढा, शंभराच्या नोटा बऱ्या.

आधीच्या खेपेच्या नोटा कपाटात असतील तर आणण्यापूर्वी तपासा. विसाच्या नोटेवर लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन असेल तर चालते. सेल्मा लागरलॉफ असेल तर ती केव्हाच बाद झाली. रिक्सबँक, म्हणजे इथली मध्यवर्ती बँक, अशा नोटांचे पैसे खात्यावर देते, पण शुल्क कापून. एकुलत्या एका विशीसाठी त्या भानगडीत पडू नका, शुल्कच त्याहून जास्त आहे.