आमचे डॉक्टरकाका

आज सकाळी डॉक्टरकाकांच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर गेलो होतो. विधी थोरल्या मुलीनं केले. मार्केट यार्डातले हमाल, भाजीवाल्या मावश्या, वकील, सगळे पायऱ्यांवर दाटीवाटीनं उभे. कावळा लगेच शिवला.

वाचता न येणाऱ्या पेशंटसाठी काका औषधाच्या पुडीवर चित्र काढायचे. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. माझ्या आजीनं अशी एक पुडी देव्हाऱ्यात जपून ठेवली होती.

२०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातला त्यांचा दवाखाना बुडाला. स्वतःच्या नुकसानीबद्दल चकार शब्द न काढता ते शाळेतल्या छावणीत जाऊन बसले. पुराच्या पाण्यातून चालत आलेल्या प्रत्येकाचे पाय स्वतः तपासायचे, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. जनावरांच्या मुतातून पाण्यात उतरलेले लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात, हे ते न कंटाळता समजावून सांगत. ताप अंगावर काढू नका, असं दरडावतही.

घरी मात्र आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. काकूंचे गुडघे दुखायला लागल्यापासून रात्रीची भाकरी काकाच थापायचे, आणि ती फुगली की सगळ्यांना हाका मारून दाखवायचे. असा माणूस आमच्या गल्लीत राहिला, हे आमचं भाग्यच.

निघताना धाकटीनं सांगितलं, सोमवारपासून दवाखाना ती उघडणार आहे. वेळ काकांचीच, दहा ते एक.