पाऊण वाजताची भरती

माघ वद्य चतुर्थी, रात्रीचे साडेआठ

आईची आज संकष्टी. चंद्र उगवायला नऊ वाजून जातील, तोवर ती ओट्यावर लाखोरीची डाळ निवडत बसली आहे. मी बाजूला वही घेऊन बसलो आहे. सकाळी विदर्भ एक्स्प्रेसनं भंडारा रोडला उतरलो, तिथून एसटीनं गाव. तीन दिवस मुंबईच्या बंदरात शिडाची बोट चालवायला शिकून आलो, आणि ती बोट अजून अंगातून उतरलेली नाही. दुपारी अंघोळ करताना डोळे मिटले तर न्हाणीच डोलायला लागली.

तिसऱ्या दिवसाचं आजच लिहून ठेवतो.

त्या दिवशी प्रतिपदा होती. शिकवणारे काका कोळी, समुद्रावरच वाढलेले. सकाळी त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती तिथी. मी चटकन सांगितली, कारण घरी कॅलेंडर आधी तिथीसाठीच पाहतात. ते खूश झाले. म्हणाले, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते. प्रतिपदा म्हणजे एक, त्याची पाऊणपट पाऊण. म्हणजे पाऊण वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा सगळं बेतात. ओहोटी सहा तासांची धरली तर निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच बाहेर जातं. मी बोटांवर मोजलं: पावणेतीन ते पावणेपाच. आम्ही तेव्हाच पाण्यात असणार होतो.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे. समुद्र न पाहिलेल्या वर्गातल्या आम्ही साऱ्या पोरांनी ते लिहून मार्क मिळवले. त्या दुपारी ते खारे वारे पहिल्यांदा तोंडावर आले. बारा वाजता पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. दोननंतर वायव्येकडून पाण्यावर काळपट पट्टे सरकत आले, आणि तीन वाजता लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस. काका म्हणाले, पंधरा-सोळा नॉट असेल, म्हणजे ताशी 28-30 किलोमीटर. वारा एवढासाच, पण ओहोटीचं पाणी त्याच्या अंगावर चालून जात होतं. पाणी आणि वारा समोरासमोर आले की लाट आखूड होते, उभी होते, आणि एकीतून बाहेर पडेपर्यंत दुसरी येते.

बोट 24 फुटी, बुडाखाली जड कील, म्हणजे पाण्यात उतरलेला वजनदार कणा, त्यामुळे ती सहजी पालथी पडत नाही. हे मला सांगितलेलं होतं, समजलेलंही होतं. तरी सुकाणूचा दांडा माझ्या हातात आला आणि पहिली लाट नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, आदळली, तेव्हा पोटात खड्डा पडला. परतायचं होतं ते वारा येत होता त्याच दिशेला. थेट वाऱ्यात शिडाची बोट जात नाही. साधारण पंचेचाळीस अंश बाजूला ठेवून नागमोडी जावं लागतं. मला लवकर पोचायची घाई, म्हणून मी नाळ वाऱ्याकडे जरा जास्तच धरली. शीड फडफडलं, लाटेनं बोट जागीच थोपवली. मी दांडा इकडून तिकडे ढकलतो आहे आणि बोटीला पत्ताच नाही. सुकाणूवरून पाणी वाहिलं तरच ते काम करतं, थांबलेल्या बोटीत तो नुसता लाकडी दांडा. आम्ही आडवे घसरत होतो.

"खाली घे, दहा अंश. आधी वेग येऊ दे."

नाळ वाऱ्यापासून जरा दूर नेली. शीड भरलं, बोट चालायला लागली, आणि तीच लाट आता फोडता यायला लागली. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. बोट इतकी कलली की खालच्या काठावरून पाणी आत आलं. दांडा मला ओढायला लागला. मी दोन्ही हातांनी, पाय टेकवून ओढून धरला, दंड थरथरत होते. काकांनी माझ्या हाताला हातही लावला नाही. त्यांनी मोठ्या शिडाचा दोर क्लीटमधून, दोर अडकवायच्या खाचेतून, उचकला आणि फूटभर सोडला. बोट उभी राहिली. दांडा दोन बोटांत मावेल इतका हलका झाला. मी इतका वेळ ज्याच्याशी झगडत होतो ते पाणी नव्हतं, माझंच ताणलेलं शीड होतं. हे तेव्हा हाताला कळलं, आणि मला रडू आलं. लपवलं नाही.

मग त्यांनी बोट पाण्यात जागीच थांबवून ठेवायला शिकवली: पुढचं शीड मुद्दाम उलट्या बाजूला भरू द्यायचं, मोठं ढिलं करायचं, दांडा खालच्या बाजूला ढकलून तिथंच बांधायचा. बोट त्या खवळलेल्या पाण्यात बदकासारखी बसली. त्या शांततेत आम्ही मोठं शीड एक पट्टा खाली घेऊन बांधलं, त्याला रीफ म्हणतात. शीड कमी झालं आणि वेग जवळपास तेवढाच राहिला. रीफचा विचार मनात येतो तीच रीफ घ्यायची वेळ, असं काका म्हणाले.

आता आजचं. दुपारी चारला बाबांसोबत गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर गेलो. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी 1988 ची. पाणी आमच्या बाजूला पसरलं ते त्याच्या कितीतरी वर्षांनी. त्याआधी बाबांचा डोंगा, मासेमारीची छोटी होडी, मामा (माजी मालगुजारी) तलावात आणि वैनगंगेच्या डोहात चालायचा, तिथं वाऱ्याला धावायला जागाच नव्हती. आता धरणाच्या अंगानं वारा सुटला की उघड्या पाण्यावर लांबवर धावत येतो. बाबा काठावर उभे राहून पाणी पाहत होते. दूर मधे एक काळपट पट्टा सरकला.

"वारा पानी उचलून रायला. जाळं उद्या टाकू."

अशा वेळी ते परत फिरायचे तेव्हा मी पूर्वी चिडायचो. मला वाटायचं, भितात. आमचा डोंगा सपाट बुडाचा, खाली कील नाही, काठ वीतभर उंच. आज मी तो पट्टा त्यांच्याआधी पाहिला होता आणि तोंड उघडायच्या आत ते बोलले होते.

डोंगा खुंट्याला मी बांधला, बोलाइन गाठीनं. ओढ बसली तर सरकत नाही आणि नंतर एका बोटानं सुटते. बाबांनी दोर दोनदा हिसडून पाहिला. मग गाठ सोडली, दोर माझ्या हातात दिला.

"पुन्ना कर. हळू."

तीनदा करून दाखवली. चौथ्यांदा त्यांनी स्वतः बांधली. आई हाक मारते आहे, चंद्र दिसला.