सोळाव्या दिवशी

बाबांच्या गोळ्यांचा डबा मी सहसा उघडत नाही, ते काम आईचं. त्या दिवशी आई मामाकडे उमरेडला गेली होती म्हणून मी उघडला तर आत सगळ्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या. दाढीच्या ब्लेडने कापलेल्या, कडेने चुरा झालेल्या, आणि तो चुरासुद्धा एका कागदाच्या पुडीत जपून ठेवलेला. विचारलं तर आधी काही बोलेचनात, मग म्हणाले, "अवं बंद थोडी केली, अर्धी घेऊन राहिलो. तेवढीच पुरते ना जास्त दिवस."

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकला आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी वर्षभर एक दिवसही चुकवायची नाही असं डॉक्टरांनी दोनदा बजावून सांगितलं होतं, आणि हा माणूस ती ब्लेडने कापून खात होता. मला आधी राग आला आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण गोळ्यांचा खर्च किती होऊन राहिला हे मीच दर महिन्याला त्यांच्यासमोर बोलत होते.

तेव्हा झालं असं की रात्री दीड वाजता बाबांच्या छातीत दुखायला लागलं. नागपुरात रात्री असं झालं की डोक्यात आधी खाजगी हॉस्पिटलांची धंतोली नाहीतर रामदासपेठ येतं, रिक्षा मिळाली, जे हॉस्पिटल पहिलं उघडं दिसलं तिथे नेलं. ५० हजार डिपॉझिट, त्याशिवाय फाइल पुढे जाईना. भावाने आणि मी फोनवरून जमवले. बाबा ७२ वर्षांचे, त्यांचं केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतलं, ७० वर्षांवरच्या लोकांसाठीचं वय वंदना कार्ड घरात होतं (आपल्याकडे ही योजना राज्याच्या फुले योजनेसोबत एकत्र चालते), पण ते हॉस्पिटल योजनेतच नव्हतं. दोन दिवस आयसीयू, बिल ९१ हजार. ते बिल मी अजून ठेवलं आहे. त्यात ग्लोव्हजच्या ४६ जोड्या आहेत. मी त्या दोन दिवसांत काचेच्या दाराबाहेर बसून होते, कोण आत जातं कोण येतं सगळं दिसत होतं, ४६ जोड्या कुठे लागल्या मला खरंच कळलं नाही. काउंटरवर विचारलं तर मुलगा म्हणाला ताई हे सिस्टीममधून येतं. खर्चाचा अंदाज आधी कोणी सांगितला नव्हता, दरपत्रक कुठे लावलेलं दिसलं नव्हतं. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांमध्ये दर दर्शनी भागात लावायचे आणि रुग्णहक्कांची सनद लावायची हे लिहिलेलं आहे, पण रात्री दीड वाजता कोणता नातेवाईक भिंतीवर नियम शोधत बसेल.

तिसऱ्या दिवशी योजनेतल्या दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनिसाने, कागद केले, मंजुरी आली, अँजिओप्लास्टी झाली, एक रुपया लागला नाही. हे मी मनापासून लिहिते आहे, कारण योजनेला नुसती नावं ठेवणाऱ्यातली मी नाही. राज्याची योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, २०२३ मध्ये दीड लाखाचं कवच पाच लाखांचं केलं आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डाची अट काढून सगळ्यांना आत घ्यायचं ठरलं. माझे बाबा त्या वय वंदना कार्डामुळे आज समोर बसून चहा पितात.

पण आयुष्मान योजनेत डिस्चार्जनंतरची औषधं १५ दिवसांची. सोळाव्या दिवशी मी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले. पाच गोळ्या, त्यातल्या दोन शुगरच्या. महिन्याचे २,६४० रुपये. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, ईपीएसची (पीएफवाली) पेन्शन महिन्याला २,८०० च्या आसपास. आता करा हिशोब.

मला वाटतं सरकारचं सगळं लक्ष ऑपरेशनवर आहे आणि माणसाचा पैसा जातो ऑपरेशनच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडे म्हणजे इको, रक्ताच्या टेस्ट, एमआरआय, ओपीडीची फी, गडचिरोलीहून नागपूरला यायचं भाडं, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज. पलीकडे म्हणजे गोळ्या, जन्मभर. देशाच्या आरोग्य लेख्यांमध्ये २०२१-२२ सालचा आकडा आहे, आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरतात. २०१३-१४ मध्ये हे ६४ टक्के होतं, म्हणजे कमी झालं, ते मान्य करायलाच पाहिजे. पण २०२१-२२ मध्येच सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता, आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात स्वतःच लिहून ठेवलं होतं की २०२५ पर्यंत २.५ टक्के करू.

दुकानातून निघून मी एका सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत पण गेले, म्हटलं इथून मिळतील. नाव लिहीत नाही, कारण तिथले डॉक्टर खूप चांगले वागले, एकेका डॉक्टरसमोर शंभर माणसं आणि तरी बाबांना नीट तपासलं. औषधाच्या खिडकीवर पाचपैकी दोन गोळ्या मिळाल्या, बाकीच्या तीन नावांवर पेनाने गोल केलं आणि चिठ्ठी परत, "बाहेरून घ्या." माझ्या मागे चंद्रपूरकडची एक बाई होती, तिच्या चिठ्ठीवर चार गोल. ती चिठ्ठी तिने घडी करून पदराला बांधली आणि मला विचारलं, बाई, इथून बसस्टँडला ऑटो किती घेते? दुकानाचं तिने विचारलंच नाही.

नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं नसती तर अर्ध्या विदर्भाचं काय झालं असतं मला कल्पना करवत नाही. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाटपासून लोक येतात. पण ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याने सरकारी दवाखान्यांत सगळे उपचार मोफत केले तेव्हा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांचा होता, वैद्यकीय शिक्षण विभागाकडची मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं त्यात धरली नव्हती. पेशंटला दोन खात्यांशी काय घेणंदेणं? तो फक्त सरकारी दवाखान्यात आलेला असतो.

आणि हे जमत नाही असं नाही ना. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, सगळ्या राज्याची जेनेरिक औषधं एकत्र टेंडरने घ्यायची, गोदामांत ठेवायची, कोणत्या दवाखान्याने किती उचलली त्याचं पासबुक. २०११ मध्ये गांधी जयंतीला राजस्थानने मोफत औषध योजना सुरू केली. तामिळनाडू तर २०२१ पासून बीपी-शुगरच्या गोळ्या घरी नेऊन देते. आपल्याकडे खरेदी आधी हाफकिन या सरकारी संस्थेकडे दिली, मग २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण केलं. करा ना मग ते नीट चालू. मला विचाराल तर कार्डाची रक्कम पाचाची दहा लाख करण्याआधी ती खिडकी भरलेली ठेवा. माझी पहिली मागणी हीच, आणि दुसरी म्हणजे चिठ्ठीवरची रोजची औषधं पण योजनेत घ्या, निदान ज्यांना स्टेंट टाकला, ज्यांची किडनी गेली, ज्यांना सिकलसेल आहे, त्यांची तरी.

औषधांच्या किमतींचं काय करायचं ते पण सरकारला माहीत आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, लाखाच्या वर विकले जाणारे औषधाचा लेप असलेले स्टेंट ३० हजारांच्या आसपास आले. २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवर व्यापारी मार्जिन ३० टक्क्यांवर बांधलं. मग बाकीच्या औषधांनी काय केलंय? सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीबाहेरचं औषध असेल तर कंपनी पहिली किंमत स्वतः ठरवते आणि वर्षाला १० टक्के वाढवू शकते. आणि ग्लोव्हज, सिरिंज, मॉनिटर चार्ज यांच्यावर तर काहूनच कोणी बोलत नाही, बिल तर तिथेच फुगतं.

सध्या आम्ही जनऔषधीतून, म्हणजे केंद्राच्या स्वस्त जेनेरिक दुकानातून आणतो, पाचपैकी चार मिळतात, महिन्याचं सगळं मिळून हजाराच्या आत येऊन राहिलं. पाचवी कधी असते कधी नाही, मग तेवढी बाहेरून. ब्लेड मी उचलून ठेवलं आहे. बाबा आता डब्यातली गोळी माझ्यासमोर घेतात, लहान पोरासारखं तोंड उघडून दाखवतात.

डिसेंबरमध्ये अधिवेशन इथेच असतं, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवतात. मोर्चात जायची माझी हिंमत नाही, पण आमच्या आमदारांना द्यायचं पत्र लिहून झालं आहे. सोबत ९१ हजारांच्या बिलाची झेरॉक्स, योजनेच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि तीन गोल केलेली ती चिठ्ठी. तुमच्या घरी पण "बाहेरून घ्या" वाली चिठ्ठी पडली असेल तर नाव झाकून तिची झेरॉक्स मला द्या, वाट्टेल तेवढ्या चालतील, पत्राला सगळ्या टाचून देते.