मागील शिल्लक

सायकलचा कॉम्प्युटर म्हटलं की ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी भारदस्त उभं राहतं. माझ्याकडे होता तो काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठा असा काळा डबा. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला चिमुकला लोहचुंबक, त्याच्यासमोर फोर्कला बांधलेला सेन्सर, तिथून ब्रेकच्या केबलला वेढे घेत हँडलपर्यंत आलेली वायर आणि डब्याच्या पोटात सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटण सेल. चुंबक सेन्सरसमोरून एकदा गेला की चाक एकदा फिरलं. चाकाचा घेर किती मिलिमीटर हे सुरुवातीला आपण सांगायचं, पुढचा गुणाकार-भागाकार त्याचा. वेग, आजचं अंतर, सरासरी, घड्याळ आणि आजवरचं एकूण अंतर. बस. नकाशा नाही, नाडीचे ठोके नाहीत, आणि आज तुम्ही किती दमलात हे तुम्हालाच सांगायचा आगाऊपणाही नाही.

डब्यावर ‘वॉटर रेझिस्टंट’ असं छापलेलं होतं आणि त्या शब्दाला तो बरेच पावसाळे जागला. पुण्यातला पाऊस त्याला काही करू शकला नाही, कारण पुण्यातला पाऊस तसा सभ्य आहे. घात केला मुळशीनं. पिरंगुटच्या चढाला पाठ भाजणारं ऊन, पौडला ढग, आणि धरणाच्या पुढे ताम्हिणीच्या दिशेनं निघालं की आडवा पाऊस, असा तो दिवस होता. अशा वेळी पाणी आत कसं शिरतं हे मला नंतर उमगलं. काळा डबा उन्हात तापतो, आतली हवा फुगते, थोडी रबरी रिंगेच्या फटीतून बाहेर निसटते. मग एकदम गार पाऊस अंगावर येतो, आतली उरलेली हवा आक्रसते आणि बाहेरून जे मिळेल ते आत ओढून घेते. बाहेर तेव्हा पाण्याशिवाय दुसरं काय असणार?

परतताना काचेखाली धुकं जमलेलं होतं. वेगाचा आकडा आधी उड्या मारायला लागला, मग अर्धाच उमटायला लागला. घरी येऊन सायकल पुसेपर्यंत डब्यात एक थेंब स्वच्छ दिसायला लागला होता, आकड्यांच्या बरोबर वर.

तांदळात ठेवा, हा सल्ला सायकलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी ओले मोजे काढायच्या आत आला. घरातून लगेच पुरवणी जोडली गेली, “ठेव, पण इंद्रायणीला हात लावायचा नाही. खालच्या डब्यातला जाडा घे.” मावळ-मुळशीचा पाऊस पिऊन वाढलेल्या त्या तांदळानं आता त्याच पावसाचे चार थेंब परत प्यावेत, ही अपेक्षा ऐकायला बरी वाटते. पण तांदूळ काही तहानलेला नसतो. दाण्यात त्याचं स्वतःचं बारा-चौदा टक्के पाणी आधीच असतं. बंद डब्यातली ओल तो ओढणार ती सावकाश, आणि वर फटींमध्ये पिठीची पूड भरून ठेवणार. त्यापेक्षा नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. त्याहून बरं म्हणजे डबा उघडणं आणि सगळ्यांत आधी सेल काढणं. नुसत्या पाण्यानं सर्किटचं फार बिघडत नाही. पाण्यात मीठ असलं आणि वरून वीज वाहत असली की तांबं झपाट्यानं झिजतं. मीठ कुठून येतं म्हणाल, तर चढावर हँडलवर वाकलं की नाकाच्या शेंड्यावरून टपकतं ते कुठे पडतं ते बघा.

तर सेल काढायचा. इथे मी थांबलो.

या स्वस्तातल्या कॉम्प्युटरांची एक खोड आहे. सेल काढला की त्यांची स्मरणशक्ती जाते. घड्याळ जातं, चाकाचा घेर जातो, आणि एकूण अंतर शून्यावर येतं. म्हणजे यंत्र वाचवायचं तर आकडा पुसायचा आणि आकडा राखायचा तर यंत्र सडू द्यायचं. आकडा कागदावर उतरवून घ्यावा म्हटलं तर त्याच्यावर तो थेंब बसलेला. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून, डबा या कुशीवरून त्या कुशीवर करत मी आणि मुलगी बराच वेळ बघत राहिलो. पहिला २, दुसरा ३, यात शंका नव्हती. तिसरा आकडा ६ होता की ८, तिथे घोडं अडलं. असल्या पडद्यावर प्रत्येक अंक सात छोट्या रेघांचा बनतो. आठाला सातही रेघा लागतात. सहाला एक कमी, वरच्या बाजूची उजवी. नेमकी तीच रेघ पाण्याखाली होती, आणि तिथे काळसर काहीतरी होतं खरं, पण ती रेघ की तिची सावली हे ठरेना. शेवटचे दोन अंक तर गेलेच होते. मुलगी म्हणाली आठ. मला सहा वाटत होता. फोटो काढला, मोठा करून पाहिला. फोटोत थेंब मोठा झाला.

तेवीस हजार सहाशे आणि तेवीस हजार आठशे यांत जगाच्या दृष्टीनं काय फरक पडतो! पण सायकलवाल्याला तो पडतो. शंभराची राईड ठरवून निघालेला माणूस अठ्ठ्याण्णव भरले म्हणून जिना चढत नाही, सोसायटीच्या आवारात पार्किंगभोवती गोल गोल फिरत राहतो, आणि वरून गॅलरीतून हाक येते, “बाबा, ये ना आता, पोहे गार होतायत!” बाकीचे आकडे त्या त्या दिवसापुरते. वेग उतारावर खूश करतो आणि खंडोजीबाबा चौकात रडवतो. सरासरीबद्दल तर बोलूच नये. ती दिवसभर मानगुटीवर बसते, चहाला थांबलं तरी मनात घुटमळते. एकूण अंतर मात्र कधी कमी होत नाही. आजारपणात जागच्या जागी थांबतं, एवढंच.

शेवटी डबा तसाच घेऊन तपकीर गल्लीत गेलो. बुधवारातल्या त्या गल्लीत रेडिओपासून रिमोटपर्यंत काहीही उघडून बघणारी माणसं अजून आहेत. एका टेबलामागच्या गृहस्थांनी डबा कानाशी हलवला, नखानं मागचं झाकण फिरवलं आणि मी काही बोलायच्या आत सेल टेबलावर. आकडा गेला. सेलखालच्या पत्तीवर हिरवट थर चढलेला होता. त्यांनी जुन्या दातांच्या ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोर्ड हलक्या हातानं घासला, काच आणि बोर्ड यांच्यामधली ती करडी-गुलाबी रबरी पट्टी काढून पुसली, परत बसवली. पडदा जागा झाला, पण प्रत्येक अंकाच्या दोन-दोन रेघा गायब. “काका, याला मी पैसे नाही घेत,” ते म्हणाले, “आणि तुम्हीही यावर आता घालवू नका.”

गंमत म्हणजे सेन्सर ठणठणीत होता. चिखल, शेण, पाण्याचे फवारे सगळं खालच्या खाली झेलणारा तो. त्याच्या आत काचेच्या बंद नळीत दोन बारीक पत्त्या असतात, चुंबक आला की चिकटतात, गेला की सुटतात. काचेत पाणी शिरायला वावच नाही. मेंदू गेला, कान शाबूत राहिले.

याच्याही आधीची पिढी पाहिली की हेवा वाटतो. अमेरिकेत हार्टफर्डच्या कर्टिस व्हीडर यांनी १८९५च्या सुमारास सायक्लोमीटर बाजारात आणला. स्पोकला एक खुंटी, ती दर फेऱ्याला एका दातेरी चक्राचा एक दात पुढे ढकलणार, आत पितळी चक्रांची साखळी आणि खिडकीत मैलांचे आकडे. ना सेल, ना पडदा. चाकाच्या मापाप्रमाणे वेगळा सायक्लोमीटर घ्यावा लागे, ही एक अडचण. पण त्याचा आकडा पावसानं पुसला जात नसे.

नवा घ्यायचा तर काय घ्यायचा, या प्रश्नावर ग्रुप पुन्हा जागा झाला. मोबाईल लाव की हँडलला, असं म्हणणारा एक वर्ग आहे. पावसात त्यांचा मोबाईल पाहावा. टचस्क्रीनला बोट आणि पाण्याचा थेंब यांत फारसा फरक कळत नाही. पाऊस पडायला लागला की नकाशा आपोआप लहान-मोठा होतो, मध्येच कुणालातरी फोन लागतो.

दुसरा वर्ग जीपीएसवाल्यांचा. गार्मिन, वाहू, ब्रायटन, आयजीपीस्पोर्ट. पाच-सहा हजारांपासून सुरू होऊन वर पाऊण लाखाच्या आसपास जाणारी ही उतरंड आहे. दुकानातल्या मुलानं माझं वय आणि सायकल दोन्ही न्याहाळत विचारलं, “काका, पुढे पॉवर मीटर लावणार का? त्या हिशोबानं दाखवतो.” पॉवर मीटर म्हणजे पायडलवर पडणारा जोर मोजणारं यंत्र. त्यानं दाखवलेल्या प्रत्येकावर पाणी आत न शिरण्याचं मानांकन आयपीएक्स-७ होतं. याचा अर्थ एक मीटर खोल, शांत, स्वच्छ पाण्यात अर्धा तास. चाचणी तेवढीच. ताशी चाळीसच्या उतारावर समोरून येणारा पाऊस शांत नसतो, आणि घरी आल्यावर पाइपानं सायकल धुताना मारलेल्या फवाऱ्याची परीक्षा वेगळी, तिचे आकडे ५ आणि ६. सात हा पाचापेक्षा मोठा आहे म्हणून सात पास झालेला पाचात पास होतोच असं नाही. त्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “काका, वॉटरप्रूफच असतात सगळे.”

या यंत्रांत एक गोष्ट मला मनापासून आवडली ती म्हणजे उंची मोजायची रीत. चांगल्या कॉम्प्युटरला पाठीमागे टाचणीएवढं भोक असतं, आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर. दाब एक हेक्टोपास्कलनं उतरला की आपण साडेआठ-नऊ मीटर चढलो असं तो धरतो. आता आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढा आणि दुपारी चारच्या सुमारास उतरता असतो, रोज, दोन-तीन हेक्टोपास्कलचा फरक. म्हणजे रविवारी जेवून आडवं झालं तरी हा डबा टेबलावर बसून वीसेक मीटर चढतो! आणि त्या भोकावर पावसाचा थेंब बसला तर विचारूच नका. ग्रुपवरच्या एकाच्या कॉम्प्युटरनं सिंहगडाच्या पायथ्याला असतानाच त्याला माथ्याच्या वर नेलं होतं. त्यानं ते स्ट्राव्हावर, म्हणजे राईडची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपवर, तसंच राहू दिलं. कोण नाही ठेवणार?

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करणाऱ्यांचं मला पटतं. साडेतेरा तासांत दोनशे, वीस तासांत तीनशे, सत्तावीस तासांत चारशे किलोमीटर. रात्री दोन वाजता अनोळखी गावाच्या फाट्यावर वळायचं डावीकडे की उजवीकडे हे पडद्यावर दिसणं ही चैन म्हणता येणार नाही. त्यांनी बटणांचा घ्यावा, टचचा नको, ओल्या हातमोज्यांनी तो ऐकत नाही. माझ्या रस्त्यांना मात्र बाणाची गरज नाही. खडकवासल्याला भजी कुठे मिळतात हे मला उपग्रहानं सांगायला नको. आणि दर रात्री चार्जिंगला लावायच्या वस्तूंमध्ये घरात आणखी एक वाढवायची माझी तयारी नव्हती.

म्हणून पुन्हा वायरवालाच घ्यायचा ठरवलं. अट एकच, जुनं एकूण अंतर हातानं भरता यायला हवं. ही सोय सगळ्यांत नसते. स्वस्तातले बरेचसे शून्यापासून सुरू होतात आणि तुमच्या पूर्वायुष्याची चौकशीही करत नाहीत. कॅटआय या जपानी कंपनीच्या काही साध्या मॉडेलांत ती आहे. तसा एक मिळाला. पाठच्या रिंगेला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं आणि सेटिंगला बसलो.

घेर भरायचा होता. पुस्तिकेतल्या तक्त्यात ७०० बाय २८च्या टायरसमोर २१३६ लिहिलेलं आहे, जुन्यातही तेच भरलेलं होतं. या वेळी म्हटलं मोजूनच पाहू. पार्किंगमध्ये फरशीवर खडूची रेघ मारली, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणला, सायकलवर बसलो, मुलीनं सीट धरली आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली येईपर्यंत सरळ पुढे गेलो. दुसरी रेघ. खालच्या मजल्यावरचे काका फिरायला निघाले होते, ते थबकले, “काय, फरशी बदलायची का?” टेप लावली तर २११८. माझ्या वजनानं टायर खाली जरा दबतो, घेर तेवढा कमी भरतो. फेऱ्यामागे अठरा मिलिमीटर जास्तीचे. जुना डबा इतकी वर्षं माझ्या पदरात तेवढे जास्त घालत आला होता.

मुलीनं तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर हिशोब केला. तेवीस हजार आठशेवर हे होतात दोनशे किलोमीटर, जवळजवळ नेमके. मी खूश. पडद्यावर ८ असला तरी मी खरा फिरलो तो ६च्याच घरात, तेव्हा ६ भरायला हरकत नाही.

“आणि मुळात सहाच असेल तर?” तिनं विचारलं.

२३६०० भरून मी सेटचं बटण दाबलं. सहाच असेल तर दोनशे किलोमीटर माझ्याकडे उसने आलेत. भोरला दोनदा जाऊन आलं की फिटतात.