मॉलिब्डेनमचा पत्रा वाकवताना

भोसरीतील आमच्या लहानशा वर्कशॉपमध्ये मी अनेक वर्षे साध्या स्टीलचा आणि स्टेनलेसचा पत्रा वाकवत आलो होतो. त्यामुळे व्हॅक्यूम फर्नेसच्या (हवा काढून टाकलेल्या भट्टीच्या) आतील उष्णता अडवणाऱ्या कवचासाठी 1 मिलिमीटर जाडीच्या मॉलिब्डेनमचे भाग करण्याचे काम आले, तेव्हा ते प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा दाबून वाकवणाऱ्या यंत्रावर, दोन दिवसांत होईल असे मी धरून चाललो. जानेवारीतील थंड सकाळी पहिला पत्रा कातरला आणि कडेला पापुद्रे सुटलेले दिसले; दुपारी पहिल्याच बेंडला तो काचेसारखा तुटला.

जो धातू सुमारे 2620 अंश सेल्सिअसला वितळतो, तो आपल्या रोजच्या हवेत इतका ठिसूळ कसा, हे समजून घेतल्याखेरीज पुढे जाण्यात अर्थ नव्हता. मॉलिब्डेनम ज्या तापमानाला ठिसूळपणा सोडून वाकण्याजोगा होतो, ते खोलीच्या तापमानाच्या आसपासच असते. अर्धा मिलिमीटरपर्यंतचा पत्रा बहुधा तसाच वाकतो, पण त्याहून जाड पत्रा गरम करावा लागतो. मात्र लाल होईपर्यंत तापवण्याची आपली सवय येथे घातक आहे, कारण साधारण 400 अंशांच्या पुढे हवेत त्यावर ऑक्साइड वेगाने चढू लागते, आणखी तापवल्यास ते ऑक्साइड पांढऱ्या धुरासारखे उडून धातूच झिजतो, आणि शुद्ध मॉलिब्डेनम हजार-अकराशे अंशांच्या वर राहिला तर रोलिंगने (रुळांमधून लाटून पत्रा करताना) आलेली तंतूंसारखी कणरचना मोडून थंड झाल्यावर तो पूर्वीपेक्षाही ठिसूळ होतो.

म्हणून आम्ही 250 अंश ठरवले. तरीही पुढचे दोन तुकडे तडकले, आणि माझा सर्वाधिक वेळ गेला तो येथेच. भट्टीतून काढलेला पत्रा डायवर (खालच्या साच्यावर) ठेवून पंच (वरून दाबणारा भाग) खाली येईपर्यंत काही सेकंद जात, आणि तेवढ्यात थंड, जाडजूड डाय त्या पातळ पत्र्यातील उष्णता ओढून घेई. आपण गरम पत्रा वाकवतो आहोत हा आमचा निव्वळ समज होता. पंच आणि डाय दोन्ही बर्नरने तापवून, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून दोनशेच्या वर ठेवले, पंचाची त्रिज्या जाडीच्या दुप्पट केली आणि दाब सावकाश दिला, तेव्हा पहिला निर्दोष काटकोन मिळाला.

कातरणेही मग पत्रा गरम करूनच केले. प्रत्येक कड पॉलिश पेपरने कडेच्या लांबीच्या दिशेने घासून बर (कातरल्यावर कडेला राहणारी खरखरीत धार) काढली, कारण चीर बहुधा तिथूनच सुरू होते. बेंडची रेषा रोलिंगच्या दिशेला काटकोनात येईल अशी मांडणी बदलल्याने पत्रा थोडा जास्त वाया गेला, पण तो खर्च मला योग्यच वाटतो.

शेवटी डाय पेनेट्रंट तपासणीत (रंगीत द्रव लावून बारीक चिरा शोधण्याच्या चाचणीत) एकच भाग बाद झाला. त्यातील छिद्र बेंडच्या फार जवळ होते. आता पत्रा आल्याबरोबर त्यावर रोलिंगच्या दिशेचा बाण काढल्याशिवाय आम्ही कातरकाम सुरू करत नाही, आणि तापवण्याआधी ती शाई अॅसिटोनने पुसून टाकतो.